ऑकलंड ते साजगाव

कर्जत स्टेशनाकडून भिसेगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रुचिता बडेकरचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर उभं राहायचं. झेरॉक्स, लॅमिनेशन, रेल्वेचं रिझर्वेशन आणि विमानाची तिकिटं. सतरा वर्षं ती तिथं बसते आणि तिच्या तोंडाला लागायला सहसा कुणी धजत नाही. "दुबईला जायला किती वेळ लागतो हो?" असं नुसतं कुतूहल म्हणून विचारणाऱ्याला ती मान वर न करता म्हणते, "तिकीट काढायचंय? मग सांगते." तरी लोक येतात तिच्याकडेच, कारण तिनं काढून दिलेल्या तिकिटात चूक सापडत नाही. कुठल्या विमानतळावर दीड तासाचा मधला थांबा पुरत नाही, कुठे नुसतं विमान बदलायलासुद्धा व्हिसा मागतात, सगळं तिला तोंडपाठ. ती स्वतः मात्र कधी विमानात बसलेली नाही. हे कुणी बोलून दाखवलं की ती अशी बघते, की माणूस पुढचं वाक्य गिळतो.

तिचा धाकटा भाऊ धनेश ऑकलंडला असतो. माहेर साजगावचं, खोपोलीच्या अलीकडचं. वडिलांची भातशेती होती. त्यांच्या डोळ्यांदेखत आजूबाजूला कारखाने उठले, पण त्यांनी आपला तुकडा सोडला नाही. ते गेल्यावर आई सोनुबाई एकटीच घर धरून राहिली. धनेश हॉटेलाचा कोर्स करून नऊ वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेला, तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात लागला, पुढे लग्न करून बायकोलाही तिकडे घेऊन गेला. त्याचं जायचं तिकीट रुचितानंच काढलं होतं. सहा वर्षांनी लहान भाऊ, तिनं कडेवर घेऊन वाढवलेला. तो गेला त्या दिवशी ती दुकानाचं शटर अर्धं ओढून तासभर रडली, असं तिचा नवरा साईनाथ सांगतो. ती ते मान्य करत नाही.

पहिल्या सहा वर्षांत धनेश दोनदा आला. दर वेळी फोनवर तेच.

"लांब पडतं गं ताई. तीस-तीस तास जातात प्रवासात."

"तीस?" रुचिता म्हणायची. "मुंबई ते ऑकलंड बारा हजार तीनशे किलोमीटर. सिंगापूरवरनं आलास तर साडेदहा तास अधिक साडेपाच तास, मधे दोन तास बसायचं. झाले अठरा. तीस कुठनं आणलेस?"

"घरापासून घरापर्यंत धर ना."

"घरापासून घरापर्यंत धरलं तरी चोवीसच्या वर जात नाय. दुसऱ्या कुणाला सांग हे. मी हेच विकते."

तो हसायचा. तीही हसायची, पण फोन ठेवल्यावर तिच्या मनात ते कुसळासारखं राहायचं. माणूस वेळ नाही म्हणाला असता तर तिला चाललं असतं. पण तिच्याच धंद्यातलं खोटं तिलाच सांगतो, याचा तिला राग होता.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात सोनुबाईनं अंथरूण धरलं. साखर जुनीच होती, आता मूत्रपिंडंही गेली. खोपोलीच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं आणि मग रुचिताला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, जवळच्यांना बोलवा. तिनं आईला साजगावला आणलं. मदतीला कोंडी होती. डोंगराकडच्या ठाकूरवाडीतली ही बाई चार वर्षं सोनुबाईकडे यायची, धुणं-पाणी करायची, पाय चेपायची. दोघी एकमेकींशी दिवसभर भांडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत.

रुचितानं त्याच दुपारी ओटीवर बसून धनेशला फोन लावला. भोवती माणसं होती. चुलते सदूकाका, भावकीतली चार-पाच जणं, शेजारच्या बायका.

"डॉक्टरनी हात टेकले. लगेच नीघ."

मग तो म्हणाला, "बघतो ताई. पण रविवारपर्यंत सीटच नाहीत. मी आत्ताच बघितलं."

"थांब," असं म्हणून तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मांडीवर उघडला. सगळी ओटी बघत होती. "गुरुवारी दुपारी साडेबाराचं विमान. नऊ सीटा दिसतात मला. सिंगापूरला बदल. आपल्याकडं रात्री सव्वाबाराला उतरशील. साईनाथ गाडी घेऊन येईल."

"ताई, मी तुला सांगतो संध्याकाळी..."

"संध्याकाळी काय सांगतोस? पासपोर्टचा नंबर हाय माझ्याकडं." आणि तिनं बोलता बोलता तिकीट काढून टाकलं. "झालं. पाठवलंय. गुरुवारी साडेनऊला विमानतळावर पाहिजेस."

"ठीक आहे," धनेश म्हणाला. आवाज इतका बारीक होता की तिनं पुन्हा विचारलं, "काय?" तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "ठीक आहे म्हटलं ना!"

सदूकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, पोरीनं भावाला दोन मिनिटांत आनला." रुचिताला त्या क्षणी बरं वाटलं, हे तिनं नंतर स्वतःशी कबूल केलं. फार बरं वाटलं.

सोनुबाईला सांगितलं तेव्हा तिनं दोन दिवसांत पहिल्यांदा उठून बसायचा हट्ट धरला. कोंडीला म्हणाली, "करटुली आन गं. त्याला आवडतात." कोंडी दुसऱ्या दिवशी डोंगरातून ती रानभाजी घेऊन आली, ओच्यात बांधून.

गुरुवार उजाडला. तिकडची वेळ साडेसहा तास पुढे, म्हणजे तिकडे दुपारी साडेबाराला विमान सुटायचं तेव्हा साजगावात सकाळचे सहा. रुचिता पाचपासून फोन लावत होती. वाजत होता, उचलत नव्हता. विमानतळावर असेल, तपासणीच्या रांगेत असेल, असं ती साईनाथला सांगत राहिली. साडेसहाला फोन बंद लागला. बसला विमानात, ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली. पण चहा उकळत असताना तिनं फोनवर तिकीट उघडून पाहिलं. ते तिचं रोजचं काम होतं. गिऱ्हाईक निघालं की नाही हे तिला एका ओळीवरून कळायचं. ती ओळ तिनं तीनदा वाचली. तिकीट वापरलंच नव्हतं. प्रवासी विमानतळावर आलाच नव्हता.

चहा उतू गेला. कोंडीनं येऊन गॅस बंद केला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. रुचितानं फोन उलटा करून ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "कुणाला काय बोलायचं नाय. कळलं?" कोंडीला लिहिता-वाचता येत नाही. पण तिला कळलं.

आठ वाजता सोनुबाईनं डोळे उघडले. "निघाला का गं?"

"निघाला."

"कुठवर आला?"

रुचिता खाटेच्या कडेला बसली. "समुद्रावर हाय. खाली नुसतं पाणी."

हे एकदा बोलली आणि मग तिला थांबता येईना. कारण सोनुबाई मधेच डोळा मिटायची, मधेच उघडायची, आणि उघडला की तेच विचारायची. रुचिताला तो रस्ता पाठ होता. नऊ वाजता तिनं सांगितलं की आता ऑस्ट्रेलियाचा किनारा लागला. अकराला सांगितलं, आता वाळवंटावरून येतोय, खाली लाल माती, गाव नाय, झाड नाय.

"आपल्या माळावानी?" सोनुबाईनं विचारलं.

"माळ कसला, चार-साडेचार तास विमान उडतं तरी संपत नाय."

"जेवला असंल का?"

"देतात जेवायला. भात देतात."

दीड वाजता तिनं विमान ऑस्ट्रेलियातून बाहेर काढलं आणि इंडोनेशियाच्या बेटांवर आणलं. बाहेर ओटीवर बसलेली माणसंही आत डोकावून विचारत होती, कुठवर आला, आणि ती त्यांनाही तेच सांगत होती, तासामिनिटांसकट. तिच्या आवाजात कंप नव्हता. उलट एकानं विचारलं, "वारा उलटा असला तर उशीर होतो काय?" तर ती त्याच्यावर खेकसली, "तुला काय करायचंय वाऱ्याचं!" आतून ती नुसती जळत होती. प्रत्येक गाव, प्रत्येक समुद्र सांगताना तिच्या डोळ्यांसमोर तो ऑकलंडच्या खोलीत फोन बंद करून पलंगावर बसलेला दिसत होता.

पावणेपाचला तिनं त्याला सिंगापूरला उतरवलं.

"म्हंजे पोचला?" सोनुबाईचा आवाज आता अगदी आत गेला होता.

"नाय, तिथं विमान बदलायचं. दोन तास बसायचं. मग साडेपाच तास."

सोनुबाई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. नजर एकदम स्वच्छ झाली होती.

"खोटं बोलतीस ना गं तू?"

रुचिता चिडली. मरणाच्या दारातल्या आईवर चिडली. "मी तिकिटं विकते ना? मला नाय कळणार तर कुणाला कळणार? पड गुमान."

सोनुबाईनं कोंडीकडे हात केला, पाणी मागितलं. रुचिता तांब्या भरायला आत गेली. सव्वासहा वाजता, उजेड अजून पुरता गेला नव्हता तेव्हा, सोनुबाई गेली.

साईनाथला रुचितानं विमानतळावर जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकीत चर्चा सुरू झाली की मुलगा रात्री उतरला असेल, वाटेत असेल, थांबू. रुचितानं सांगितलं, "सिंगापूरला विमान चुकलं त्याचं. थांबायचं नाय." एका वाक्यात तिनं त्याला पुन्हा एकदा वाचवलं, आणि तेही दात-ओठ खात. अग्नी सदूकाकांनी दिला.

तिसऱ्या दिवशी धनेशचा फोन आला. व्हिडिओवर ढसाढसा रडत होता. "ताई, मी निघालो होतो गं. रस्त्यात ट्रॅफिक लागलं, विमान चुकलं."

रुचिता म्हणाली, "तुझ्या घरापासनं विमानतळ वीस किलोमीटर. सकाळी साडेनऊची वेळ. फोन तर तू उचलतच नव्हतास. कसलं ट्रॅफिक?"

"ताई..."

तिनं फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि पुढचं दीड वर्ष त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

दिवस घातले त्या दिवशी कोंडी भांडी घासताना तिला म्हणाली, "तुला सांगू का? म्हातारीला ठावं व्हतं."

"काय?"

"तो येत नाय ते. तू पानी आनाया गेलीस तवा मला म्हनली, पोरगी लई खोटं बोलतीय, बोलू दे तिला. आन म्हनली, करटुली तू घरी ने, हितं कुनी खायाला येनार नाय."

रुचिता मोरीच्या कठड्याला धरून खाली बसली. रडली नाही. आईनं आपलं खोटं ओळखून आपल्यालाच सांभाळून घेतलं, हे तिला कुणी थोबाडीत मारावी तसं लागलं. आणि तो सगळा राग पुन्हा फिरून एकाच माणसावर गेला.

साजगावच्या जमिनीवर दोघांची वारसनोंद झाली होती. दीड वर्षानं, माघात, एका गोदामवाल्यानं ती मागितली. सदूकाकांनी मधे पडून धनेशशी बोलणं केलं, आणि एके दिवशी दुकानात येऊन रुचिताला सांगितलं, "धनेश आलाय."

"कधी?"

"काल रात्री. सोमवारी फोन झाला, मंगळवारी निघाला, त्याच रात्री हितं हजर."

रुचिता मनात हिशेब करत होती. तिकडची मंगळवारची दुपार, इकडची मंगळवारची रात्र. तेच विमान. तीच साडेबाराची वेळ.

तासाभरानं धनेश स्वतः आला. पोट सुटलं होतं, दाढी राखली होती. हातात चॉकलेटांची मोठी पिशवी. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पायरीवर एक.

"ताई."

"कुठलं विमान?"

"काय?"

"कुठल्या विमानानं आलास?"

त्यानं सांगितलं.

"सिंगापूरला किती वेळ बसलास?"

"दोन तास. ताई, आत बसून बोलू या का आपण?"

"आत कुठं बसणार? हे एवढंच आत हाय. एकूण किती तास लागले?"

तो गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला, "एकवीस. साजगावच्या दारापर्यंत."

"एकवीस," रुचिता म्हणाली. समोरच्या माणसाच्या हातात त्याचे झेरॉक्स दिले. "म्हणजे येतं की विमान. मला वाटलं, बंद केलं त्यांनी."

धनेशचे कान लाल झाले. त्यानं पिशवी काउंटरवर ठेवली. "शुक्रवारी खालापूरला रजिस्ट्रेशन आहे. तुझी सही लागेल. रविवारी मला परत जायचंय. येशील ना?"

"येईन की."

"नक्की?"

"मी सांगितल्यावर येते. माझं तसं नाय."

तो गेल्यावर तिनं ती पिशवी पायरीवरच्या अनोळखी माणसाला देऊन टाकली.

शुक्रवारी ती खालापूरला निबंधकांच्या कार्यालयात वेळेआधी दहा मिनिटं पोचली. चांगली साडी नेसून. गोदामवाल्याचा वकील, साक्षीदार, सदूकाका, धनेश, सगळे होते. धनेशनं तिच्यासाठी खुर्ची रिकामी केली, ती उभीच राहिली. कागद तिनं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. वकील दोनदा घड्याळाकडे बघून गेला. आत बोलावलं तेव्हा धनेशचा फोटो झाला, अंगठा झाला. मग तिची पाळी आली. समोरच्या साहेबांनी रोजच्या सवयीनं, तिच्याकडे न बघता विचारलं, "बाई, कागद वाचलात? मजकूर मान्य आहे?"

"वाचला. मान्य नाही."

साहेबांनी वर पाहिलं. "काय म्हणालात?"

"मान्य नाही म्हटलं. मला विकायची नाही."

वकील पुढे आला, सदूकाका "अगं, अगं" करू लागले. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि पुढचा नंबर पुकारला. एवढंच. पाच मिनिटांचं काम. रुचिता पर्स काखेला मारून बाहेर आली.

आवारात धनेशनं तिला गाठलं. "हे इथं आणून करायचं होतं? दुकानात सांगता नसतं आलं? एवढ्या लांबून मी..."

"किती लांबून? सांग ना. बारा हजार तीनशे. मला तोंडपाठ हाय. आईसाठी ते जास्त होतं आणि गोदामासाठी कमी झालं काय रं?"

"तुला काहीच माहिती नाही!"

"मग सांग. आज सांग. सिंगापूरला विमान चुकलं म्हणून मी ह्या सगळ्यांना सांगितलंय." तिनं सदूकाकांकडे बोट केलं. "ह्यांना अजून तसंच वाटतंय. काका, हा सिंगापूरला आलाच नव्हता. हा घरातनंच निघाला नव्हता."

सदूकाका दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

धनेशचा आवाज एकदम चढला. "माझा व्हिसा संपला होता! जुना संपलेला, नवा हातात नाही. मधल्या काळात देश सोडला तर परत आत घेत नाहीत. सगळं गेलं असतं. नोकरी, घर, बायकोचंसुद्धा सगळं. तिकडे राहायचं पक्कं झालं म्हणून मी घरी सांगितलं होतं, ते खोटं होतं. झालंच नव्हतं तेव्हा."

"मग फोनवर सांगायला तोंड नव्हतं?"

"कुणासमोर सांगू? तू अख्खी भावकी जमवून ओटीवर लॅपटॉप उघडून बसलीस! मला विचारलंस? संध्याकाळी सांगतो म्हणालो, तर तेवढंही थांबली नाहीस. मी यावं असं तुला वाटतच नव्हतं. तू मला आणलंस हे लोकांना दिसायला हवं होतं."

हे तिला लागलं. खोलवर लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. दोन मिनिटांत भावाला आणला, हे शब्द ऐकताना तिला काय वाटलं होतं ते तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि हा माणूस तिकडे बसून ते ओळखून होता. पण मागे सरणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"आणि त्या दिवशी मी काय केलं माहितीय तुला? सकाळी आठपासनं मी तुझं विमान उडवत होते. समुद्रावरनं, वाळवंटावरनं. आई विचारायची कुठवर आला, मी सांगायची. जीव जाईपर्यंत मी तुला सिंगापूरपर्यंत आणला होता."

धनेशचा चेहरा सैल पडला. डोळ्यांत पाणी आलं, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी येतोय असंच समजून गेली ती? मग... मग बरं झालं ना ताई. तेवढं तरी बरं झालं."

रुचिता त्याच्याकडे बघत राहिली. दीड वर्षात तिनं त्याचं तोंड किती प्रकारे मनात आणलं होतं, पण हे सुटल्यासारखं तोंड तिनं कल्पिलं नव्हतं. तिच्या खोट्यावर हा आता आयुष्यभर निवांत झोपणार होता.

"नाय," ती म्हणाली. "तिला कळलं होतं. कोंडीला म्हणाली ती. करटुली घरी ने, हितं कुणी खायला येणार नाय, असं म्हणाली. तू येत नाहीस हे समजूनच गेली."

धनेश आवारातल्या कट्ट्यावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा. सदूकाका म्हणाले, "रुचे, हे बोलायची गरज नव्हती." ती खोपोलीच्या टेंपोत बसली. हे बोलल्यावर आपल्याला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. घरी आल्यावर तिनं साईनाथला वाढलं, स्वतः जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं दुकान उघडलं.

धनेश रविवारी गेला. त्यानंतर वकिलाच्या नोटिसा सुरू झाल्या. तिनं प्रत्येक नोटिशीला उत्तर दिलं, स्वतःच टाईप करून. शेवटी मोजणी झाली, जमिनीचे दोन भाग झाले. त्या वाटणीच्या सहीसाठी धनेश आणखी एकदा येऊन गेला. तो आला कधी आणि गेला कधी, हे तिला मोजणीवाल्यांकडून कळलं. त्याचा भाग गोदामाला गेला. तिचा भाग तिनं ठेवला, आणि कोंडीच्या घरच्यांना भात करायला दिला. सदूकाका म्हणाले, त्या एवढ्याशा तुकड्यात काय पिकणार. ती म्हणाली, "पिकेल नाय तर पडेल. तुमाला काय करायचंय?"

या वर्षी आषाढात कोंडी दुकानात आली, पदर ओला, पाय चिखलानं भरलेले. गोदामवाल्यानं हद्दीवर भिंत घातली होती आणि त्यात पाण्याची वाट बुजली होती. लावलेलं भात तीन दिवस पाण्याखाली होतं. रुचिता शटर ओढून साजगावला गेली. गोदामाच्या वॉचमनशी तासभर भांडली. तो म्हणाला, मालक पुण्याला असतात, मला काय अधिकार नाय. मालकाचा नंबर द्यायलाही तो तयार नव्हता.

ती भिंतीच्या कडेनं चालत गेली. एका ठिकाणी पाणी गुडघ्याएवढं होतं, भाताची नुसती टोकं दिसत होती. कोंडी बांधावर उभी राहून तिच्याकडे बघत होती. रुचितानं फोन काढला, एक नंबर ब्लॉकमधून काढला आणि लावला. तिकडे संध्याकाळ असणार होती. तिसऱ्या रिंगला उचलला.

"ताई?"

"भिंतीनं पाणी तुंबलंय. भात कुजेल. ज्याला विकलीस त्याला फोन कर आणि खालनं नाली काढायला सांग."

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी इंग्रजीत ओरडत होतं. "सांगतो," धनेश म्हणाला. "ताई, तू कशी..."

तिनं फोन बंद केला.

चौथ्या दिवशी दोन माणसं आली, भिंतीला खालून भोक पाडलं आणि सिमेंटचा पाईप बसवला. निम्मं भात वाचलं. रुचितानं तो नंबर पुन्हा ब्लॉक केला नाही. फोनही केला नाही. त्यानंही केलेला नाही.